तळकाठचा वटवट्या

माझ्या दाजींनी आयुष्यात एकच शोध लावला आणि तो मी बुडवला. हे मी कबूल करतो. पण कसा बुडवला ते नीट ऐकून घ्या, कारण आमच्या नात्यात ही गोष्ट जो तो आपापल्या सोयीने सांगतो आणि प्रत्येकाच्या सांगण्यात गाढव मीच ठरतो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढायचं काम. शहराच्या पोटात कुठली नळी कुठे वळते, किती इंची आहे, कुठे तिला झडप बसवली आहे, सगळं त्यांच्या हातचं. पण नकाशावर नकाशा काढणाऱ्याची सही नसते. कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात साहेबांची सही, मोठ्या साहेबांची सही, त्याहून मोठ्या साहेबांची त्याहून मोठी सही, आणि सगळ्यात खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत ‘रेखाटन’ आणि पुढे दोन आद्याक्षरं. चौतीस वर्षं दाजी त्या दोन अक्षरांत राहिले. निवृत्तीला खात्याने भिंतीवरचं घड्याळ दिलं. दाजींनी ते बैठकीत टांगलं, समोर खुर्ची मांडली आणि आठ महिने घड्याळाकडे बघत बसले. काटा मागे पडला की उठून बोटाने पुढे सारायचा, एवढीच हालचाल. ताईशी बोलणं म्हणजे हूं आणि अंहं, आणि तेही आलटून पालटून.

शेवटी त्यांच्या डोळ्यांना पाणी येऊ लागलं म्हणून ताई त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, डोळे उत्तम आहेत, पण या माणसाने कित्येक महिने सहा फुटांच्या पलीकडे बघितलेलं नाही; याला लांबचं काहीतरी बघायला लावा. हेच डॉक्टर गावातल्या पक्षिमंडळाचे अध्यक्ष होते. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीवरच मंडळाचा पत्ता लिहून दिला.

लांबचं बघायचं तर लांब जायला हवं. माझ्या गॅरेजच्या मागच्या अंगणात एक जुनी फोर-व्हील पडून होती. डोंगर चढायला बनवलेली, तीसेक वर्षांची, मालक परगावी गेला तो परत आलाच नाही. इंजिन ठणठणीत, बाकी सगळा खुळखुळा. ती मी दुरुस्त करून दाजींच्या गळ्यात बांधली. घरात तिला म्हातारी म्हणू लागले. दाजी फोनवर “उद्या म्हातारीला घेऊन पहाटे निघतो” म्हणाले की शेजारच्यांना ताईची कणव यायची.

दर रविवारी दोघं तळ्याकाठच्या खडीच्या रस्त्यावर जायची. चार किलोमीटरचा फेरा, माणूस धावेल तेवढा वेग. दाजी चालवायचे, ताई डावीकडे मांडीवर वही आणि पायाशी थर्मास घेऊन. गाडीत बोलायला बंदी. खोकला आलाच तर रुमालात. बिस्किटाच्या पुड्याचा कागद घरूनच फाडून न्यायचा. सहाव्या रविवारी दाजींनी गाडी थांबवली आणि ताईचा हात धरून म्हणाले, “ऐकलंस का?”

तो तळकाठचा वटवट्या. नाव दाजींनीच ठेवलं, कारण असा आवाज काढणारा पक्षी मंडळातल्या एकाही पुस्तकात सापडेना. ट्वी-ट्वी-टिर्र. दोनदा बारीक शीळ, मग लहानशी फिरकी. तो दिसला नाही कुणाला कधीच, ऐकला मात्र मंडळातल्या सगळ्यांनी, कारण दाजी एकेकाला म्हातारीत बसवून घेऊन जायचे. मंडळाने छापलेल्या सूचीत क्रमांक दोनशे बारावर त्याची नोंद झाली आणि पुढे दाजींचं नाव आलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पूर्ण छापील. ते पान दाजींनी चौकटीत घालून घड्याळाशेजारी लावलं, आणि घड्याळ बंद पडलं तेव्हा चावी द्यायचंही विसरले.

आता त्या पक्ष्याच्या सवयी ऐका. मी दाजींच्या वहीतून जशाच्या तशा सांगतो. पक्षी अत्यंत लाजाळू. गाडी थांबताच गप्प होतो. गाडीला मात्र भीत नाही, उलट फेरा संपेपर्यंत बरोबर येतो. थंडीत सकाळी भरपूर बोलतो, बहुधा विणीचा हंगाम. पावसात एकदम मौन, स्थलांतर करत असावा. आणि तिसऱ्या वर्षाच्या पानावर एक नोंद: पत्नी आजारी असल्याने दोन रविवार एकट्याने फेरा, पत्नीच्या अनुपस्थितीत पक्षी जवळजवळ बोलत नाही.

मी रविवारी झोपतो. त्यामुळे पक्षी मी ऐकला तो फक्त दाजींच्या तोंडून, प्रत्येक लग्नात, बारशात, वाढदिवसाला. पोरं मागे लागायची, दाजी आढेवेढे घ्यायचे, मग ओठांचा चंबू करून ट्वी-ट्वी-टिर्र. सहा वर्षांत तो आवाज आमच्या घराण्यात आडनावासारखा मुरला.

यंदा थंडीत दाजी म्हातारीला घेऊन गॅरेजात आले. चेहरा उतरलेला. डॉक्टरांनी त्यांना न विचारता कुठल्याशा संस्थेत पत्र लिहिलं होतं, आणि तिथल्या पक्ष्यांच्या आवाजाच्या तज्ज्ञ बाई येत्या रविवारी वटवट्याचं ध्वनिमुद्रण करायला येणार होत्या. दाजी म्हणाले, गाडीचा पुढचा भाग कुरकुरतोय, तज्ज्ञांपुढे लाज जाईल. मग दोन्ही हात माझ्या टेबलावर टेकून म्हणाले, “एकूण एक आवाज काढ. एकही ठेवू नकोस.”

जाता जाता दारातून परत तेच म्हणाले. रस्ता ओलांडून तिसऱ्यांदा वळले तेव्हा मला राग आला. माझ्या गॅरेजातून गाडी आवाज घेऊन बाहेर पडत नाही, हे गावाला माहीत आहे. माझ्या उस्तादाने मला तीनच गोष्टी शिकवल्या. आवाज शोधायचा तर आधी हात, मग कान, आणि पाना शेवटी. लोक आधी पाना घेतात, निम्मी गाडी उघडतात आणि मग म्हणतात, आवाज वाढला.

तर मी हात लावून बसलो. कुरकुर सोपी होती. म्हातारीला पुढे जुन्या पद्धतीच्या पट्ट्यांच्या कमानी आहेत, आणि कमान ज्या कड्यात झुलते त्याच्या पिना चिखलाने बुजल्या होत्या. ग्रीस आत जायला वाट नाही. पिना ठोकून काढल्या, घासल्या, ग्रीस भरलं. पण माझ्यासारख्याचं तेवढ्याने समाधान होत नाही. गाडी वरखाली हलवून बघायला हवी, आणि त्यासाठी वजन हवं. शेजारी शिंपी आहे, वजनाने दोन माणसांएवढा. त्याला मी समोरच्या बंपरवर उभा केला. एका हाताने बॉनेट धर, म्हटलं, आणि गुडघ्यांतून दाब दे. तो गळ्यात टेप लटकवलेल्या अवस्थेत बंपरवर बसक्या उड्या मारू लागला. मी खाली उताणा पडून एकेका सांध्यावर बोटं ठेवत गेलो. उजवी कमान गप्प, डावी कमान गप्प. स्टिअरिंगचे सांधे गप्प.

शिंपी दमला, थांबला आणि म्हणाला, “इथं पक्षी कुठून आला?”

मी म्हटलं, उड्या मार. त्याने मारल्या. ट्वी-ट्वी-टिर्र.

मी गाडीखालून बाहेर आलो. गॅरेजात पक्षी नव्हता. छपरावर नव्हता, समोरच्या तारेवर नव्हता. शिंप्याला म्हटलं, परत. बंपर खाली गेला, ट्वी-ट्वी. वर आला, टिर्र. मी आयुष्यात पुष्कळ गाड्यांखाली झोपलो आहे, पण गाडीखाली झोपून अंगावर काटा आला तो एकदाच. बोटांनी चाचपत गेलो. डाव्या चाकाचा शॉकअप, म्हणजे धक्के खाणारी ती नळी, वरच्या टोकाला रबरी बुशमध्ये बसवलेली असते. ते रबर कडक होऊन चिरलं होतं. त्याच्यावर बोट ठेवलं तर बोटाला गुदगुल्या झाल्या. बाटलीतून साबणाचं पाणी मारलं, पक्षी गप्प. पाच मिनिटं दिवा धरून पाणी वाळवलं, पक्षी हजर.

तिथेच जमिनीवर बसून मी दाजींची वही आठवत गेलो. गाडी थांबली की गप्प बसतो, बसणारच. पावसात मौन, रबर ओलं झालं की बोलेल कशाला? थंडीत बडबड, कारण रबर गारठून ताठ होतं. आणि ताई नसली की बोलत नाही, कारण ताई डावीकडे बसते आणि माझी बहीण काही काडीपैलवान नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे तर कळसा सहा वर्षं ओरडून सांगत होता. शिंपी विचारत होता, उतरू का? मला हसू येत होतं, आणि हसताना त्या चौकटीतलं छापील नाव डोळ्यांपुढे येत होतं. हसू गेलं.

दुपारी ताई आली. दाजींची टोपी गाडीत राहिली म्हणाली, पण टोपी तिने शोधलीसुद्धा नाही. मी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, म्हटलं, ताई, मन घट्ट कर, वटवट्याबद्दल एक वाईट बातमी आहे.

“डावीकडचा ना?” ताई म्हणाली. “शॉकअपचा वरचा बुश.”

 हिला बुश हा शब्द कुठून कळला, ते मला अजून कळलेलं नाही.

“माझ्या पायाखाली सहा वर्षं बोलतोय तो. मला नाही कळणार?” ती म्हणाली. “पहिल्याच वर्षी कळलं. पुलाचा सांधा ओलांडला की एकदा टिर्र करतो, आणि पुलाखाली पाणी, वर आभाळ. पक्षी बसणार कुठे?”

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ताईने पदराला हात पुसले. आठ महिन्यांनी त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा आपणहून काहीतरी विचारलं होतं, ऐकलंस का म्हणून, असं ती म्हणाली. “त्यावर मी काय, गाडीचा बुश आहे म्हणून सांगू?”

 ताई पुढे म्हणाली की झाकली मूठ सव्वा लाखाची, तू तो बुश तेवढा काढू नकोस. मी म्हटलं, आणि रविवारी बाई येतील तेव्हा? तज्ज्ञ आहेत त्या, मूठ काय, कोपरापर्यंत उघडी पाडतील. शेवटी तोडगा मीच काढला आणि आजही मला वाटतं की तोडगा वाईट नव्हता. रविवारी सकाळी बुशवर साबणाचं पाणी मारायचं. वटवट्या त्या दिवशी बोलणार नाही. पक्षी एखाद्या दिवशी न सापडणं यात काही नवल नाही. पक्षिमंडळाचे निम्मे रविवार त्यातच जातात. बाई हात हलवत परत जातील, सोमवारी पाणी वाळलेलं असेल, पक्षी परत येईल, चौकट भिंतीवर राहील. माझ्या धंद्याच्या अब्रूचा प्रश्न होता तो मी गिळला. जन्मात पहिल्यांदा मी एक आवाज जाणूनबुजून गाडीत ठेवला.

शनिवारी दाजी गाडी न्यायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, सगळे गेले? मी डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं, सगळे. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला वाटलं, कुरकुर गेल्याचा आनंद आहे.

रविवारी पहाटे त्यांच्या दारात मी जास्तीचा माणूस म्हणून हजर झालो आणि बुटाची नाडी बांधायच्या निमित्ताने डाव्या चाकाशी वाकून निम्मी बाटली रिकामी केली. बाई आल्या. किडकिडीत, पांढऱ्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांच्याकडे काठीच्या टोकाला केसाळ माइक होता, लांबून बघितलं तर जाळी काढायचा झाडू. त्या पुढे डावीकडे बसल्या. मागे ताई, डॉक्टर आणि मी.

पहिला फेरा झाला. म्हातारी लोण्यासारखी चालली. बाईंनी बदकं टिपली, धोबी टिपला, लांबचा खंड्या टिपला. वटवट्या नाही. डॉक्टर चुळबुळ करू लागले. दुसरा फेरा, वटवट्या नाही. मी ताईकडे बघितलं, ताईने खिडकीबाहेर बघितलं. सगळं बेतल्याप्रमाणे चाललं होतं. एकच गोष्ट खटकत होती. ज्याचा पक्षी हरवला तो माणूस दु:खी असायला हवा. दाजी तर खुशीत होते. मान डोलवत गाडी चालवत होते, आणि दुसऱ्या फेऱ्याच्या शेवटी चक्क गुणगुणले. बाईंना म्हणाले, काय करणार, पक्षी आहे, गेला असेल उडून. जगात कुठलीच गोष्ट कायमची नसते. एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

तिथेच थांबून चहा पिऊन परतलो असतो तर मी आज ही गोष्ट सांगत नसतो. पण बाई पडल्या तज्ज्ञ. त्यांनी थर्मासच्या झाकणातला चहा पीत दाजींची वही चाळायला घेतली. चाळता चाळता तिसऱ्या वर्षाच्या पानावर थांबल्या. पत्नीच्या अनुपस्थितीत पक्षी जवळजवळ बोलत नाही. फारच रोचक निरीक्षण आहे, त्या म्हणाल्या. मग ताईंनी नेहमीच्या जागी बसायला हवं.

ताई म्हणाली, मला मागेच बरं वाटतं. दाजी म्हणाले, तिला मागेच बरं वाटतं. मी म्हटलं, हो, तिला लहानपणापासून मागेच बरं वाटतं. तिघं एकदम एवढ्या घाईने बोललो की डॉक्टरांनी चष्मा काढून आमच्याकडे बघितलं. पण पाहुण्यांचा शब्द मोडायचा कसा? ताई पुढे बसली. म्हातारी डावीकडे चार बोटं झुकली. ऊन वर आलं होतं, आणि साबणाचं पाणी म्हणजे काही अमृत नव्हे.

पहिल्याच खड्ड्यात तो बोलला. ट्वी-ट्वी-टिर्र.

डॉक्टरांनी आनंदाने माझी मांडी चिमटली. बाईंनी मागच्या खिडकीतून माइक झाडांकडे धरला. थांबवा, म्हणाल्या. गाडी थांबली, पक्षी थांबला. चालवा. पक्षी बोलला. माइक झाडांवरून झुडपांवर आला, झुडपांवरून गवतावर. डॉक्टर कुजबुजले, अगदी जवळ आलाय. माइक गवतावरून रस्त्याच्या कडेला, कडेवरून चाकाजवळ आला. मग बाईंनी तो आत घेतला आणि मांडीवर आडवा ठेवला.  डॉक्टर अजून झाडांत बघत होते.

दाजींनी गाडी बंद केली. उतरले, समोर गेले, दोन्ही तळवे बंपरवर ठेवून सगळ्या अंगाचा भार दिला. ट्वी-ट्वी. भार काढला. टिर्र. परत एकदा केलं, डॉक्टरांच्या लक्षात येईपर्यंत. मग तळवे झटकत माझ्या खिडकीशी आले.

“तुला मी एकूण एक आवाज म्हणालो होतो,” ते म्हणाले.

मी म्हटलं, दाजी, म्हणजे तुम्हाला...

“तीन वर्षं झाली. ती आजारी पडली, मी एकटा आलो आणि हा बोलेना, तेव्हा खाली वाकून बघितलं.” ते ताईकडे न बघता सांगत होते. “पण मग ती बरी झाली आणि पहिल्याच रविवारी पहाटे चारला उठून थर्मास भरून बसली. एवढ्या हौसेने कुठे निघालेली तिला मी कधी बघितलं नव्हतं. म्हटलं, राहू दे.”

“आणि मी तुमच्यासाठी उठत होते,” ताई म्हणाली. “मला पहाटे उठायचा किती कंटाळा आहे, माहीत आहे?”

 म्हणजे बघा, दाजींना तो पक्षी बाई यायच्या आत गुपचूप मारायचा होता. तीनदा येऊन त्यांनी मला सांगितलं, आणि मी शहाणा, दयेपोटी त्याला पाणी पाजून जिवंत ठेवला. आवाज म्हटला की काढायचा, हा उस्तादाचा धर्म मी एकदाच मोडला आणि एकदाच तोंडावर आपटलो.

बाईंनी काय करावं? त्या म्हणाल्या, तुमची हरकत नसेल तर मी दोन मिनिटं मुद्रण करते. दाजींनी परत बंपर दाबला, बाईंनी मन लावून मुद्रण केलं. त्यांच्या संस्थेत असल्या पक्ष्यांचं वेगळं कपाट आहे म्हणे. त्यात एक पाण्याचा हापसा आहे, एक बागेतला झोपाळा आहे. पण हवामानाच्या एवढ्या तपशिलासह नोंदलेला बुश आजवर कुणी आणला नव्हता, असं त्या म्हणाल्या, आणि ते मनापासून म्हणत होत्या. डॉक्टर मात्र घरी पोचेपर्यंत दुर्बीण पुसत होते. उतरताना एवढंच म्हणाले की मी स्वतः तो एकदा दुर्बिणीतून पाहिला होता.

मंडळात हसं झालंच. दोन महिने दाजी बैठकीला गेले की कोपऱ्यातून कुणीतरी शीळ घालायचं. दाजी जात राहिले. मला वाटलं होतं, परत घड्याळापुढे बसतील. त्या भीतीने मी पुढचा आठवडाभर रोज काहीतरी निमित्त काढून त्यांच्या घरी डोकावलो. घड्याळ बंदच होतं. खुर्चीवर इस्त्रीचे कपडे होते.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी ते गाडी घेऊन आले होते, बरोबर ताई आणि काखेत मंडळाची मोठी नोंदवही. मी दोन्ही बाजूंचे बुश बदलले. डाव्या बाजूचा जुना बुश कागदावर ठेवून त्यांच्यापुढे सरकवला. दाजींनी चष्मा चढवला. तो रबराचा चिरका तुकडा तळहातावर घेतला आणि बराच वेळ उलटून पालटून बघितला.

“एवढाच होता होय?” ते म्हणाले.

मग खिशातून मोजपट्टी काढली. नोंदवहीत क्रमांक दोनशे बाराच्या नोंदीवर पट्टी धरून एक सरळ रेघ मारली आणि खाली नकाशावरच्या त्या वळणदार अक्षरांत रकाने भरत गेले. लांबी, बत्तीस मिलिमीटर. रंग, काळा, पोटाकडे करडा. आवाज, पूर्वी नोंदल्याप्रमाणे. अधिवास, डावा पुढचा शॉकअप, वरचं टोक. शेवटचा रकाना होता, ओळख पटवणारी व्यक्ती. तिथे त्यांनी ताईचं नाव लिहिलं. नाव, माझ्या वडिलांचं नाव, आमचं माहेरचं आडनाव, मग सासरचं, पूर्ण. आणि पेन तिच्यापुढे केलं.

ताई म्हणाली, माझी सही कशाला? दाजी म्हणाले, मंडळाचा नियम आहे, आधी ज्याला कळतं त्याची सही. तुला पहिल्या वर्षी कळलं, मला तिसऱ्या. ताईने सही केली. मेकॅनिकचं नाव कुठल्याच रकान्यात आलं नाही, हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. दोघांनीही ऐकलं नाही.

दाजींनी वही मिटली, बुश खिशात घातला आणि म्हणाले की आता रविवारी जायचं कारण राहिलं नाही. काय ऐकायला जायचं?

ताई म्हातारीत बसली होती. डावीकडे, नेहमीच्या जागी. तिने दार लावून घेतलं आणि दाजी आपल्या बाजूने चढेपर्यंत थांबली.

“आता गाडी आवाज करत नाही,” ती म्हणाली. “बोलता येईल.”

दाजींनी किल्ली फिरवली. गॅरेजच्या दारातला उंचवटा म्हातारीने चूं न करता ओलांडला. मी कान देऊन उभा होतो. वळणावर पोचेपर्यंत ताईचा आवाज येत होता, आणि मधून मधून दाजींचा.